गल्लीबोळांतली सायकल शर्यत: पुण्याच्या रस्त्यांवर भाग कसा घ्यावा

सायकल शर्यत म्हटले की आपल्याकडे अजूनही मुंबई-पुणे शर्यत आठवते आणि बोरघाटात ‘घाटाचा राजा’ होण्यासाठी जिवाचे रान करणारे स्वार डोळ्यांसमोर येतात. पोलिसांचा बंदोबस्त, पाठीवर क्रमांक, मागून येणारी मदतीची गाडी असा तो थाट असतो. या लेखातली शर्यत त्या जातीची नाही. ती दहा-पंधरा सायकलस्वार आपापसांत ठरवतात आणि तिला आखून दिलेला मार्ग नसतो. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात शहरातल्या सात-आठ ठिकाणांची एक यादी दिली जाते. त्या सर्व ठिकाणी जाऊन सही, शिक्का किंवा एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे आणि शेवटच्या ठिकाणी पोहोचायचे असते. आधी कुठे जायचे आणि कोणत्या रस्त्याने जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

ॲलीकॅट या नावाने हा प्रकार जगभर ओळखला जातो. १९८९ साली टोरांटो शहरात सायकलवरून टपाल आणि पाकिटे पोहोचवणाऱ्या कुरियरवाल्यांनी या नावाची पहिली शर्यत घेतली, आणि १९९३ साली बर्लिनमध्ये अशा कुरियरवाल्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दिवसभर जे काम पोटासाठी करायचे त्याचाच त्यांनी खेळ केला, त्यामुळे या शर्यतीत मांड्यांच्या ताकदीइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, शहराच्या माहितीची परीक्षा होते. (मुंबईच्या डबेवाल्यांना यातले काहीही नव्याने शिकवावे लागणार नाही.) पुढचे सगळे विवेचन पुण्याचे रस्ते समोर ठेवून केले आहे, कारण पेठा, नदी, पूल आणि एकेरी वाहतूक यांचा असा गुंता या खेळासाठी मुद्दाम रचल्यासारखा आहे.

शर्यत पारखून घ्यावी

निमंत्रण आले की लगेच होकार देऊ नये. आयोजकाला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: सिग्नल तोडणाऱ्याला बाद करणार का, हेल्मेट सक्तीचे आहे का, शर्यत किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, आणि रस्त्यात कोणी पडला तर त्याच्याकडे कोण जाणार. यांपैकी पहिल्या प्रश्नावर आयोजक हसला किंवा ‘ते ज्याचे त्याने बघायचे’ असे म्हणाला, तर त्या रविवारी सरळ सिंहगडाचा पायथा गाठावा.

हे सोवळेपणाने लिहिलेले नाही. परदेशातल्या अशा शर्यतींमध्ये वाहनांच्या गर्दीतून बेदरकारपणे घुसण्याचे कौतुक बराच काळ होत आले आहे, आणि २००८ सालच्या फेब्रुवारीत शिकागो शहरात अशाच एका शर्यतीत लाल दिवा असताना चौक ओलांडणारा एक स्वार मोटारीखाली सापडून मरण पावला. आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीनेही सायकलस्वार मोकळा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला लागू होते. त्यात मोटारीचा वेगळा उल्लेख नाही, सरसकट ‘वाहन’ असा शब्द आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ‘आम्ही तर साध्या सायकलीवर होतो’ हा बचाव तिथे चालत नाही.

चांगला आयोजक शर्यतीची रचनाच अशी करतो की सिग्नल तोडून काही पदरात पडू नये. त्याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे किमान वेळ ठरवणे: अमुक मिनिटांच्या आत जो पोहोचेल त्याने नियम मोडलेच असणार असे धरून त्याला बाद करायचे. दुसरी, मला अधिक पसंत असलेली, म्हणजे वेळेऐवजी गुणांवर निकाल लावणे. दीड तास सगळ्यांना सारखाच द्यायचा, यादीत कोणालाही पुरी करता येणार नाहीत इतकी ठिकाणे ठेवायची, दूरच्या ठिकाणाला जास्त गुण द्यायचे आणि उशिरा परतणाऱ्याचे दर मिनिटाला गुण कापायचे. यामुळे जोर आपोआप डोक्यावर येतो. पहिल्यांदाच भाग घेणाऱ्याने शक्यतो अशी गुणांची शर्यत निवडावी.

वेळेचा विचार करताना हंगामही पाहावा. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ हा पुण्यात सर्वांत मोकळा काळ असतो, पण डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयच सातच्या सुमारास होतो, त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा नसेल तर सुरुवातीचा अर्धा तास अंधारात जातो. गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे पेठांमध्ये मांडव उभे राहू लागतात, रस्ते अर्धे होतात आणि वासे, बांबू वाटेत पडलेले असतात. त्या दिवसांत पेठांमध्ये शर्यत ठेवणाऱ्याला पुण्याची माहिती नाही असेच समजावे.

सायकलीची तयारी

या शर्यतीसाठी महाग सायकल लागत नाही. गिअर नसलेली, मागचे चाक आणि पेडल एकत्र बांधलेली फिक्सी सायकल परदेशी छायाचित्रांमध्ये दिसते म्हणून आपणही तीच घ्यावी असा मोह काही जणांना होतो. ब्रेक नसलेली अशी सायकल पेठांतल्या रस्त्यांवर चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. सर्वांत सोयीची म्हणजे ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद टायरची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल. रोड बाइक असेल तरी चालते, मात्र २३ मिलिमीटरचे टायर पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि गटाराच्या जाळ्यांत अडकतात, म्हणून निदान २८ बसत असतील तर ते बसवून घ्यावेत. माउंटन बाइकचे खाचांचे टायर काढून सपाट टायर घातले की तीही या कामाला उत्तम होते.

टायरमध्ये हवा किती भरावी याची कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते, पण त्या मर्यादेपर्यंत हवा ठासून भरणे शहरात तोट्याचे ठरते, कारण टणक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो आणि ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर सटकतो. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) आसपास आणि ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६० ठेवून पाहावे आणि मग आपल्या अंदाजाने थोडे कमीजास्त करावे. ट्यूबला बारीक, लांबट व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवा त्यात थेट भरता येत नाही. त्यासाठी नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर कायमचा चढवून ठेवला तर ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

आदल्या संध्याकाळी ब्रेकचे रबर रिमवर पूर्ण टेकते की टायरला घासते हे खाली वाकून पाहावे. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर ते बदलावे, कारण शंभरेक रुपयांच्या त्या रबरावर चौकातला सगळा भरवसा असतो. नंतर दोन्ही टायर हळूहळू फिरवत बोट न लावता नजरेने तपासावेत आणि रुतलेली काच किंवा तारेचा तुकडा दिसला तर टोकदार पान्याने उकरून काढावा; पंक्चर बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात रुतलेल्या तुकड्यानेच होते. चेनला तेल घालून फडक्याने पुसून घ्यावी. घंटी हवीच. खर्जातल्या आवाजात ‘साइड, साइड’ ओरडत जाणारा स्वार लोकांना दचकवतो, घंटीने मात्र कोणाला राग येत नाही.

सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, पान्यांचा संच, कुलूप, स्वतःचे पेन आणि पाण्याची बाटली एवढे असावे. ट्यूब बदलण्याचा सराव घरी करावा, तोही मागच्या चाकावर, कारण तेच किचकट असते. बुटांबद्दल एक सूचना खास पुण्यासाठी आहे. ठिकाणांमध्ये देवळे असतील तर प्रत्येक वेळी पादत्राणे काढावी लागतात, त्यामुळे पेडलला अडकणारे क्लीटचे बूट किंवा लांबलचक नाड्यांचे बूट घालून आलेला स्वार उंबरठ्यापाशी बसून मिनिटेच्या मिनिटे घालवतो. मागे पट्टा असलेली सँडल यासाठी सर्वांत चांगली.

शरीराच्या तयारीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अंतर सहसा २० ते ३० किलोमीटर असते. जो न थांबता तासभर मध्यम वेगाने सायकल चालवू शकतो त्याला ते जमते. तासभर आधी थोडे पोहे किंवा दोन केळी खाल्ली की पुरते.

शर्यत नकाशावर कशी जिंकली जाते

एक साधा हिशोब मांडून पाहावा. २० किलोमीटरचे अंतर ताशी २४ किलोमीटरच्या सरासरीने ५० मिनिटांत कापले जाते आणि ताशी २८ च्या सरासरीने ४३ मिनिटांत. म्हणजे शहरातली सरासरी चार किलोमीटरने वाढवण्यासाठी महिनोन्महिने घाम गाळला तर ७ मिनिटे वाचतात. आता ठिकाणांचा क्रम चुकल्यामुळे तीन किलोमीटर जास्त पडले असे धरा. ताशी २४ च्या वेगाने त्याला साडेसात मिनिटे लागतात. सगळा सराव एका चुकीच्या वळणावर खर्ची पडतो. म्हणून उरलेल्या तयारीचा मोठा वाटा नकाशाला द्यावा.

शर्यतीच्या आधीच्या एक-दोन रविवारी सकाळी पेठांमधून सावकाश फिरावे आणि चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात: एकेरी रस्ते, पूल, चढ आणि बोळ. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही परस्परविरुद्ध दिशांची जोडी आहे, तशीच बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता यांची. एकेरी वाहतुकीचा नियम सायकललाही लागू असतो हे अनेक जण सोयीस्करपणे विसरतात. नियम न मोडता एक पळवाट मात्र जरूर आहे. सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत नेणारा माणूस पादचारीच असतो, त्यामुळे शे-दीडशे मीटरसाठी वळसा घालण्यापेक्षा उतरून पदपथावरून चालत जाणे पुष्कळदा फायद्याचे पडते. अनुभवी स्वार नकाशावर अशा जागा आधीच हेरून ठेवतात.

पुलांचा हिशोब वेगळा ठेवावा. नदी ओलांडण्यासाठी प्रत्येक वेळी पुलापर्यंत जावे लागते आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी सिग्नल किंवा गर्दी असते, म्हणून नदी कमीत कमी वेळा ओलांडली जाईल असा क्रम लावणे हा पहिला नियम समजावा. झेड ब्रिजवर फक्त दुचाकींना प्रवेश असल्याने तो सायकलस्वारांना वरदानच आहे. भिडे पूल सपाट आणि जवळचा वाटतो, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो आणि बंद होतो. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात त्याच्या भरवशावर क्रम लावू नये. मेट्रोच्या किंवा ड्रेनेजच्या कामांमुळे वाहतुकीत सतत बदल होत असतात, तेव्हा आदल्या दिवशी एकदा चक्कर मारलेली बरी.

आता एक नमुना यादी घेऊ. सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानापाशी आणि शेवट नळस्टॉपला. यादीत छापलेला क्रम असा आहे: पाताळेश्वर लेणे, पत्र्या मारुती, त्रिशुंड गणपती, खुन्या मुरलीधर, चतुःशृंगी, पासोड्या विठोबा, पर्वतीचा पायथा, उपाशी विठोबा. (पुण्यातल्या देवांची नावे यादी करणाऱ्याचे निम्मे काम हलके करतात.) आयोजक ठिकाणे मुद्दाम विस्कटून छापतो. याच क्रमाने गेल्यास नदी चार वेळा ओलांडावी लागते.

यादी हातात आल्यावर बहुतेकांना सुटण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे मिळतात. त्या वेळात पहिल्यांदा प्रत्येक नावासमोर नदीची बाजू लिहावी. पाताळेश्वर आणि चतुःशृंगी डेक्कनच्या बाजूला आहेत, बाकीची सहा ठिकाणे पेठांच्या बाजूला. सुरुवात आणि शेवट दोन्ही डेक्कनच्या बाजूला असल्यामुळे नदी दोनदा ओलांडणे अटळ आहे आणि दोनदाच पुरेसे आहे. मग मोठी ठिकाणे आधी बसवावीत, म्हणजे जी टोकाला आहेत आणि ज्यांच्यामुळे बाकीच्यांचा क्रम ठरतो: इथे चतुःशृंगी, सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती आणि पर्वती. सगळ्यांत शेवटी त्यांच्या मधली ठिकाणे ओवावीत.

या यादीतला सापळा पहिल्याच ओळीत आहे. पाताळेश्वर लेणे संभाजी उद्यानापासून जवळ आहे, त्याच रस्त्यावर आहे, आणि नवखा स्वार शिट्टी वाजताच तिकडे धाव घेतो. पण जंगली महाराज रस्त्यावरची वाहतूक शिवाजीनगरकडून डेक्कनकडे येते, म्हणजे तो उलट्या दिशेने चालला आहे. जाणता स्वार रस्त्याच्या प्रवाहाबरोबर डेक्कनला उतरतो, सेनापती बापट रस्त्याने ताज्या पायांनी चढ चढून चतुःशृंगी गाठतो, तिथून विद्यापीठ चौक आणि गणेशखिंड रस्त्याने शिवाजीनगरला येतो आणि जंगली महाराज रस्त्याला वरच्या टोकाने, योग्य दिशेने लागतो. पाताळेश्वर त्याच्या वाटेतच येते. तसेच पुढे डेक्कनपर्यंत येऊन झेड ब्रिजवरून नारायण पेठेत शिरले की पत्र्या मारुती, मग बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा, मग सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. परत येताना लक्ष्मी रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे म्हणजे आपल्याच दिशेने वाहतो. त्यावरून सदाशिव पेठेत उपाशी विठोबा आणि खुन्या मुरलीधर उरकावेत, पर्वतीच्या पायथ्याला जावे आणि दांडेकर पुलावरून म्हात्रे पूल ओलांडून नळस्टॉपला पोहोचावे. साधारण २० किलोमीटर होतात, आणि पूर्ण फेरीत एकदाही माघारी फिरावे लागत नाही.

चतुःशृंगी अगदी शेवटी ठेवणारे स्वारही असतात, कारण पेठा सकाळी लवकर, मंडईची गर्दी वाढण्यापूर्वी, उरकून घ्याव्यात असा त्यांचा विचार असतो. शर्यत साडेसातनंतर सुरू होणार असेल तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. साडेसहाची शर्यत असेल तर मला वरचाच क्रम योग्य वाटतो.

क्रम ठरला की यादीवर ठळक आकडे टाकावेत आणि ती पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून हँडलला रबरबँडने बांधावी. मोबाइलवरचा नकाशा सोबत असावा, पण चालत्या सायकलवर त्याकडे पाहू नये. पाहायचेच असेल तर कडेला थांबून पाहावे. शिवाय तो नकाशा मोटारीचा रस्ता दाखवतो, झेड ब्रिज किंवा एखादा बोळ कित्येकदा सुचवतच नाही.

सुटताना आणि रस्त्यावर

बऱ्याच ठिकाणी सायकली एका बाजूला आडव्या ठेवतात आणि स्वारांना पन्नासेक मीटर दुरून धावत सायकल गाठायला सांगतात. या धांदलीत हँडल एकमेकांत अडकतात आणि चेन उतरते. सायकल घोळक्याच्या कडेला ठेवावी, गिअर आधीच हलका करून ठेवावा आणि पहिल्या दहा जणांना खुशाल पुढे जाऊ द्यावे. त्यातले निम्मे पाताळेश्वराकडे उलटे निघालेले असतात.

एखादा अनुभवी स्वार ओळखीचा असेल तर त्याच्या मागे लागण्याचा मोह होतो. एका मर्यादेपर्यंत ते ठीक आहे, पण हमरस्त्यावरच्या शर्यतीत चाकाला चाक लावून वारा चुकवतात तसे शहरात करू नये. पुढच्याने खड्डा पाहून अचानक ब्रेक लावला तर मागच्याला हालचालीला जागाच राहत नाही. निदान दोन सायकलींचे अंतर राखावे. पुढे असाल तर मागच्यांना खड्ड्याची सूचना हात खाली करून द्यावी.

पुण्याच्या रस्त्यावरचे धोके ठरलेले आहेत. उभ्या मोटारींच्या रांगेपासून हातभर नव्हे, चांगले एक मीटर दूर राहावे, कारण दार कोणत्याही क्षणी उघडते. पीएमपीची बस थांब्याकडे डावीकडे वळत असेल तर तिच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत शिरू नये, मागे थांबावे. बस ४० सेकंदांत निघून जाते. रिक्षा प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबते हे गृहीत धरावे. बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका कितीही मोकळी दिसली तरी तिथे सायकल घालू नये. पावसात चौकातले रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि झाडांखालचा पाला यांवर वळण घेताना सायकल तिरकी करू नये, वळणाआधीच वेग कमी करून सरळ बसून वळावे. उजवीकडे मोठे वळण असेल आणि चौक मोठा असेल तर सरळ पलीकडे जाऊन, सायकल वळवून, पुढच्या सिग्नलला पुन्हा निघणे हे दिसायला बावळटपणाचे पण सुरक्षित असते.

सिग्नलवर थांबलेला वेळ वाया जात नाही. पुढच्या ठिकाणाचा प्रश्न वाचण्यासाठी, घोटभर पाणी पिण्यासाठी आणि क्रम पुन्हा पाहण्यासाठी तोच वेळ असतो. जो या गोष्टी थांब्यांवर करतो तो देवळापुढे उभा राहून यादी उलगडत बसत नाही.

ठिकाणावर वेळ कसा वाचवावा

आठ ठिकाणी प्रत्येकी एक मिनिट वाचले तर आठ मिनिटे होतात, म्हणजे वरच्या हिशोबातल्या वेगवाढीपेक्षा जास्त. ठिकाणावर स्वयंसेवक बसलेला असेल तर यादी पाकिटातून आधीच काढून हातात धरून उतरावे. तिथे प्रश्न असेल तर तो शेवटपर्यंत वाचावा. ‘सभामंडपाला किती खांब आहेत’ आणि ‘सभामंडपाच्या दर्शनी बाजूला किती खांब आहेत’ यांतला फरक न पाहता अनेक जण परत फिरतात. उत्तर तिथेच, स्वतःच्या पेनाने लिहावे. नंतर लिहू म्हटलेले तिसऱ्या देवळापर्यंत आकड्यांची सरमिसळ होऊन जाते.

सायकल कुठे लावायची याचा विचार पोहोचण्याआधी करावा. देवळाच्या दारात, दुकानाच्या फळीसमोर किंवा अरुंद बोळात ती आडवी टाकू नये. पहाटे आरतीला आलेल्या माणसांशी एखाद्याने हुज्जत घातली तर पुढच्या वर्षी ते ठिकाण सगळ्यांनाच बंद होते. आत जाताना घाम पुसावा, हेल्मेट काढावे, धावू नये. त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भागावरचे दगडी शिल्पकाम हे पुण्यातल्या फार थोड्या जुन्या देवळांना लाभलेले वैभव आहे, तिथे दहा सेकंद मान वर करून पाहिल्याने कोणी हरत नाही. सायकल नजरेआड होणार असेल तर कुलूप लावावे, मग वीस सेकंद का जाईनात.

अडचण आली तर

पंक्चर झाले तर रस्त्यावरच चाक काढायला बसू नये, पदपथावर किंवा एखाद्या बंद दुकानाच्या पायरीपाशी जावे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या बाजूने बोटे हलकेच फिरवून टोचणारी वस्तू शोधावी, नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

कोणी पडलेला दिसला तर आपली शर्यत तिथे थांबते, याला अपवाद नाही. आधी मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवून थांबवावे, मग जखमीला जागेवरच राहू द्यावे. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर उचलून बसवण्याची घाई करू नये आणि हेल्मेट ओढून काढू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक लावावेत आणि जागा सांगताना पेठ, जवळचा चौक आणि ठळक खूण सांगावी. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी लिहिलेला कागद असावा, कारण कुलूपबंद मोबाइल अशा वेळी उपयोगाचा नसतो. थांबलेल्या स्वाराला गेलेला वेळ परत द्यायचा की नाही हे आयोजकाने सुटण्यापूर्वीच जाहीर केलेले असावे. बहुतेक ठिकाणी देतात.

वाहतूक पोलिसाने अडवले तर सायकलवरून उतरावे, वाद घालू नये आणि शर्यतीची यादी लपवू नये. मोठा गट असेल तर आयोजकाने आधी पोलीस ठाण्याला कळवलेले असणे चांगले, आणि रस्ता अडवणारा किंवा एकत्र सुटणारा मोठा जथा असेल तर परवानगी घेतल्याशिवाय काही करूच नये.

पोहोचल्यानंतर

शेवटच्या ठिकाणी पोहोचताच यादी सोपवावी आणि वेळ आपल्यासमोर लिहून घ्यावी. सह्या आणि उत्तरे तपासायला थोडा वेळ लागतो. एखादे उत्तर चूक ठरवले गेले आणि आपल्याला ते पटले नाही तर निकाल जाहीर होण्यापूर्वीच बोलावे, मिसळ संपल्यावर नव्हे. कोणी सिग्नल तोडताना पाहिले असेल तर तेही तिथेच, नाव घेऊन, शांतपणे सांगावे. गटात हे बोलायची रीत पडली की पुढच्या खेपेला बरेच काही आपोआप सुधारते.

अशा शर्यतींमध्ये पहिल्याइतकेच बक्षीस सर्वांत शेवटी येणाऱ्यालाही देण्याची जुनी पद्धत आहे आणि ती आपल्याकडेही पाळावी. मात्र ते मिळवण्यासाठी मुद्दाम रेंगाळणाऱ्यांवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून सगळी ठिकाणे पूर्ण करून शेवटी येणारा, अशी अट घालावी. स्पोकमध्ये अडकवायचे छोटे कार्ड, ज्यावर त्या शर्यतीचे नाव आणि तारीख असते, तेही प्रत्येकाला द्यावे. जाड पुठ्ठ्याचे केले तर पावसाळाभर टिकते.

स्वयंसेवक दोन तास एकाच ओट्यावर बसून असतात आणि त्यांच्यापर्यंत नाश्ता पोहोचत नाही, म्हणून शेवटचा स्वार पुढे गेल्याचा फोन करून त्यांना बोलावून घेण्याचे काम आधीच कोणाकडे तरी सोपवलेले असावे. पुढच्या खेपेला यादी तयार करण्याची पाळी आपल्यावर आली तर सगळी ठिकाणे स्वतः सायकलवरून एकदा फिरून यावे, त्या फेरीला लागलेला वेळ किमान वेळ म्हणून लिहून ठेवावा, आणि कोणते देऊळ किती वाजता उघडते हे पुजाऱ्यांना विचारून घ्यावे.